फेब्रुवारीचे दिवस

परभणीला, जिंतूर रोडच्या मागं,
आम्ही भाड्यानं राहायला गेलो तेव्हा
दोन स्वयंपाकघरांच्या मधल्या भिंतीत
एक वीट नव्हती.
घरमालक म्हणाला, बुजवून देतो.
पलीकडून खैरुन्निसाभाभी म्हणाली, नक्को.
तिथं तिनं बल्ब टांगला, चाळीसचा.
अर्धा उजेड तिच्या तव्यावर, अर्धा माझ्या.

वायरीला पिन होती.
सम महिने माझ्या बोर्डात, विषम तिच्या.
एक तारखेला पिन भिंतीतून यायची, बिनचूक,
कधी तिला कोथिंबिरीचं पान चिकटलेलं.

काटकसर मला कुणी शिकवायला नको होती.
साबणाची चिपटी मी नव्या वडीला दाबून बसवायची.
रात्रीच्या भाकरीचे सकाळी कुटके,
त्यातूनही उरलं तर दारातल्या शेळीला.
शेळी आमची नव्हती,
पण लेंड्या आमच्याच अंगणात टाकायची
आणि कढीपत्त्याला खत तर लागतंच.

भाभी माझ्याहून पुढची.
गॅस बंद केल्यावरही तवा तापलेला असतो
याची तिला हळहळ वाटायची.
म्हणून शेवटच्या रोटीनंतर शेंगदाणे,
शेंगदाण्यांनंतर मिरच्या,
आणि मिरच्यांचा खाट बसला की
तव्याच्या कडेला तौफीकचे ओले मोजे.
काडी एकच ओढायची.
तिची शेगडी पेटली की कागदाची सुरळी
विटेच्या जागेतून इकडं:
"ले जल्दी, हात जलता मेरा."

पहिल्याच वर्षी तिनं बोटांची पेरं मोजली.
तुझा फेब्रुवारी, अठ्ठावीसमेंच खतम.
माझे जानेवारी, मार्च, मे, जुलै,
सगळे एकतीसचे दांडगे.
वर्षाला तीन दिवस मी जास्त जाळते, वैनी.
लीप असलं तर दोन.
ह्यांनी कॅलेंडर उतरवून पाहिलं.
बाई खरं बोलत होती.
मी वाटीभर कारळाची चटणी दिली.
चटणी तिनं घेतली. हिशेब मिटवला नाही.
"चटनी चटनी है. दिन दिन है."

बटण वायरीतच, तिच्या बाजूला लोंबायचं.
रात्री ती विचारायची, "बुझाऊं?"
मी म्हणायची, एक भाकरी राहिली.
ज्या हंगामात जिनिंग बंद पडलं
आणि हे घरीच असायचे,
तेव्हाही मी म्हणायची, एक भाकरी राहिली.
काटवट कोरडी होती.
तिला तिकडून दिसत असणार,
वीटभर जागेतून काय लपतं.
ती काही बोलायची नाही.
बल्ब जळत राहायचा,
आणि महिना नोव्हेंबर होता, तिचा.

तौफीकला नांदेडला नोकरी लागली.
टेम्पोत सामान चढलं, त्यात फुटकी बादलीसुद्धा,
तिच्यात आता ती मिरच्या लावणार होती.
जाताना तिनं वायर, बटण, सगळं
भिंतीतून माझ्या बाजूला ढकललं.

नव्या भाडेकरूनं तिकडून सिमेंट भरलं.
आता सगळा उजेड माझ्याच ओट्यावर पडतो.
डब्यांचे तेलकट बूड दिसतात,
कोपऱ्यातलं कोळ्याचं जाळं दिसतं.
इतका उजेड लागत नाही मला.

अकरा वर्षं. त्यात तीन लीप.
पाठकोऱ्या बिलावर मी मांडून पाहिलं:
तिचे माझ्याकडे तीस दिवस निघतात.
अख्खा एक महिना.
फोन करून सांगितलं तर हसली.
मग हसणं थांबवून म्हणाली,
"रैने दे गे. अंधेरा पडा तो मंगा लेउंगी."

परवा भाकऱ्या आटोपल्या,
आणि बटणाकडं हात गेला
तो उगाच जरा थांबला.
तवा तापलेला होता अजून.
मी त्यावर मूठभर शेंगदाणे टाकले.